पुढची खोली, मागचं दार

महाल, नागपूर
४ मार्च १९७९

ती. यमुआत्यास,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर एकदम आज पत्र लिहितो आहे, म्हणजे काहीतरी मागायचं असणार हे तू ओळखलंच असशील. तेव्हा आधी मागतो. आपल्या घराची रस्त्याकडची खोली, जी आजोबांनी तुझ्या नावे केली, ती मला हवी आहे. तिथला शिंपी संक्रांतीला सीताबर्डीला गेला. खोली तेव्हापासून बंद आहे.

कशासाठी ते सांगतो. कॉलेजात मी 'तरुण उद्योजक मंडळ' काढलं आहे. आत्या, तुला अमरावतीत बसून कल्पना येणार नाही, पण इथे हिंगण्याला पंचविशीतली मुलं शेड घेऊन कारखाने काढून राहिली आहेत. एक जण पंख्याचे रेग्युलेटर बनवतो. एक जण बुटाचं पॉलिश. दर रविवारी मी सायकलने जातो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं? उत्तरं ऐकताना जेवायची आठवण राहत नाही. महिन्यातून एकाला कॉलेजात भाषणाला बोलावतो. मागच्या वेळी वर्ग भरून मुलं खिडकीत बसली होती.

मंडळाला ऑफिस हवं. टेबल, खुर्च्या, बाहेर पाटी. बी.कॉम. झालो की त्याच खोलीतून मी माझंही काहीतरी सुरू करीन. दादासारखं वीज मंडळात चिकटायचं माझ्या मनात नाही.

घरात तर कोणाला बसवायची सोय उरलेली नाही. शामलावहिनीने आतापासूनच गहू भिजत घातले आहेत. गच्चीवर कुरड्या, ओसरीवर मुगवड्या आणि जिन्यावर लोकांचे डबे. आपले नव्हेत, लोकांचे! नावं घातलेले स्टीलचे डबे. परवा रेग्युलेटरवाले घरी आले होते, ते एका डब्याला अडखळून पडता पडता वाचले. मी वहिनीकडे रागाने पाहिलं, तर ती म्हणते, "काहून भाऊजी, उद्योजक लोक खाली पाहून चालत नाहीत काय?"

तर खोलीचं तेवढं कळव.

तुझा
कृष्णकांत

•

अमरावती
९ मार्च १९७९

चि. कृष्णकांतास आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी मागतो म्हणालास, ते मागितलंस. खुशाली मात्र कळवायची राहिलीच. मधूचा खोकला कसा आहे? तो तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे, मला त्याची काळजी वाटते.

आता खोलीचं. दुसऱ्यांनी कारखाने कसे काढले हे तू उत्तम सांगतोस. तू काय काढणार आहेस ते पत्रात कुठेच सापडलं नाही. मी पत्र दोनदा वाचलं. रेग्युलेटर आहे, पॉलिश आहे, तुझं टेबल आहे. टेबलावर काय होणार? मी शाळा चालवली आहे. पाटी लावली म्हणून शाळा होत नाही, मुलं यावी लागतात.

परीक्षा एप्रिलमध्ये आहे. रविवारी हिंगण्याला न जाता अभ्यास करावा.

शामलेने घरी कुरड्या घातल्या यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? मी नोकरी केली, मुख्याध्यापिका झाले, तरी माझ्या स्वयंपाकघरात आजपर्यंत बाहेरची एक कुरडई शिरलेली नाही. दर चैत्रात स्वतः घालते. आमच्या वेळी शेजारणी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जाऊन घालत असत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्या घरी विकतच्या आहेत असं कळे, त्या घरची सून वर्षभर ऐकून घेई.

एक गोष्ट मात्र समजली नाही. लोकांचे नावं घातलेले डबे आपल्या जिन्यावर कशाला?

यमुआत्या

•

महाल, नागपूर
१७ मार्च १९७९

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बाबांचा खोकला बरा आहे. दादा बरा आहे. मीही बरा आहे.

तू डब्यांचं विचारलंस म्हणून दोन दिवस अभ्यास गच्चीवर नेला. तुला हसू येईल. वहिनीकडे चार बायका येतात. देवकीबाई, जयवंता आणि आणखी दोघी. पहाटेपासून चीक शिजवतात, सोऱ्याने साड्यांवर कुरड्या पाडतात आणि मग तासन् तास फालतू गोष्टींवर वाद घालतात. ऐकलेलं जसंच्या तसं लिहितो.

जयवंता म्हणाली, "हा डबा भरून टाकू काय वं बाई?"

वहिनी म्हणाली, "थांब. कोणाचा आहे? पांढरीपांड्यांचा? त्याच्यात ही जाड नको भरू. हात चालत होते तोवर तिची सासू बारीक तारेची घालत होती. आणि जिरं नको, त्यांच्यात जिरं नाही घालत."

"तिले काय समजते? दिवसभर तर बँकेत राहते ते."

"तिले नाही समजत. तिच्या नवऱ्याले समजते."

देवकीबाई हसून हसून खोकायला लागल्या.

बायका दुपारी येतात, मागच्या बोळातून. पुढच्या दाराने कोणी येत नाही. पिशवीतून रिकामा डबा आणतात, भरलेला घेऊन जातात. सगळ्या नोकरीवाल्या. कोणी बँकेत, कोणी तार ऑफिसात, कोणी शाळेत. दोन मिनिटंसुद्धा टेकत नाहीत. वहिनी जगाच्या उपयोगी पडायला निघाली आहे आणि जग तिला चहालाही विचारत नाही असं माझं मत झालं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुम्ही परीक्षा द्या, भाऊजी."

मी काय काढणार हे विचारलंस. अजून ठरलं नाही, हे खरं सांगतो. पण आत्या, मला ते होताना बघायला आवडतं. काहीच नव्हतं तिथे माणूस उभा राहतो आणि काहीतरी होतं. याला तू रिकामटेकडेपणा म्हणशील. म्हण.

खोलीचा विचार कर.

तुझा
कृष्णकांत

•

अमरावती
२२ मार्च १९७९

चि. कृष्णकांतास आशीर्वाद.

तुला डोळे आहेत की सदऱ्याची बटणं?

चार बायका कामाला आहेत. माल तयार होतो. प्रत्येक घरची तार जाड की बारीक, जिरं आहे की नाही, हे एका बाईला तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकं आपण होऊन येतात, डबासुद्धा आपलाच आणतात. त्या डब्यांबरोबर पैसेही येत असणार, ते तुला दिसले नाहीत कारण ते तुझ्या हातात दिले जात नाहीत. जे बघायला तू सायकलने हिंगण्याला जातोस, ते तुझ्या गच्चीवर चाललं आहे. तू त्याला अडखळतोस आणि वर रागावतोस.

शामला विज्ञानाची पदवीधर आहे. लग्न झालं तेव्हा मीच म्हटलं होतं की ही मुलगी घरात बसणारी नाही. मला आनंद झाला आहे.

खोलीचा निर्णय झाला. ती शामलेला दिली. मागच्या बोळातून, चोरासारखा धंदा करायचं तिला कारण नाही. पुढे रस्त्यावर दुकान असावं, त्यावर तिच्या नावाची पाटी असावी. परीक्षा संपली की पाटी तू रंगव. भाषणं ऐकून जे शिकलास ते तिच्या कामी आण. पत्र तिला दाखवायला हरकत नाही.

अक्षर वाकडं आलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

यमुआत्या

•

महाल, नागपूर
२६ एप्रिल १९७९

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात परीक्षा संपली. पेपर बरे गेले.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी वहिनीसमोर मान वर केली नाही. ती विचारत होती, "काय झालं गा, तोंड काहून उतरलं?" पत्र मात्र तिला दाखवलं नाही. म्हटलं, करूनच दाखवू. ती भावाच्या लग्नाला अचलपूरला गेली आहे, अक्षयतृतीया करूनच येईल. तेवढ्यात सगळं उरकलं.

खोलीला चुना दिला. शिंप्याचं टेबल मिळालं, ते घासून घेतलं. पाटी केली, पिवळ्यावर लाल: 'शामला गृहउद्योग. घरच्यासारख्या कुरड्या, मुगवड्या, सांडगे.' रेग्युलेटरवाल्यांना विचारलं की सुरुवातीला काय करावं. ते म्हणाले, नव्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांची नावं छापावीत. मला एकदम सुचलं. नावं तर आपल्या जिन्यावरच होती! सगळ्या डब्यांच्या झाकणांवरची उतरवून घेतली आणि हँडबिल छापलं. सोबत एक पाठवतो आहे. 'आमचा माल नियमित घेणाऱ्या काही मान्यवर भगिनी', आणि खाली सौ. चारुशीला पांढरीपांडे, सौ. सुमती बोकारे वगैरे सगळ्या. कागद गुलाबी घेतला. मंडळाच्या मुलांनी महालात घरोघर टाकलं, रामदासपेठेपर्यंत गेलो.

बाबा हँडबिल बघून म्हणाले, "शामलेला विचारलंस का?" मी म्हटलं, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे. ते चष्मा पुसत बसले.

वहिनी सोमवारी येते. तिचं तोंड कसं होतं ते तुला सविस्तर कळवीन.

तुझा
कृष्णकांत

•

महाल, नागपूर
७ मे १९७९

ती. आत्याबाईंना शामलाचा नमस्कार.

कृष्णकांत भाऊजी पत्र लिहायला धजत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचं मार्चमधलं पत्र मी आता वाचलं. तुम्ही मला खोली दिली. फार मोठ्या मनाने दिली हे मला समजतं. पण मला विचारलं नाही. भाऊजींनीही विचारलं नाही.

आत्याबाई, मागचं दार मी लपायला ठेवलं नव्हतं. मी कशाला लपू? मामंजींना माहीत आहे, यांना माहीत आहे. घरात एका भाऊजींना माहीत नव्हतं, कारण ते हिंगण्याला होते. लपायचं होतं ते येणाऱ्यांना. दिवसभर ऑफिसात खपणारी बाई पाळीपाळीने शेजारणींकडे कुरड्या घालायला जाऊ शकत नाही. पण सणाच्या दिवशी ताटात कुरडई लागते आणि ती घरची लागते. "यंदाही घातल्या हो," एवढं तिला म्हणता यावं, म्हणून ती माझ्याकडे येते. म्हणून तर डबा तिचा असतो, तार तिच्या सासूची असते. ते वाक्य खोटं आहे, हे भाऊजींनी गुलाबी कागदावर छापून सासूच्या हातात दिलं.

चारुशीलाबाईंच्या घरी सासूबाईंनी हँडबिल हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सुमतीबाईंनी मुलाला पाठवून रिकामा डबा परत मागवला. मग एकेक करून सगळ्यांनी मागवले. जिना आता मोकळा आहे. पुढच्या खोलीत दिवसभर टेबल आणि पाटी. रस्त्यावरून लोक पाटी वाचतात आणि पुढे जातात. पाटी वाचून आत आलेली बाई म्हणजे घरी कुरड्या न घालणारी बाई, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मग कोण येईल?

पाऊस महिन्याभरावर आला. आता चीक शिजला नाही, तर वर्ष गेलं. देवकीबाईंचं घर या कामावर चालतं. त्यांना मी काल परत पाठवलं. जयवंता रोज येऊन विचारते, "आज तरी घालायचं काय वं बाई?" मी हे तीन उन्हाळ्यांत उभं केलं होतं, आणि ते माझं होतं.

खोली तुमची तुम्ही परत घ्या. राग मानू नका, पण मला वाईट वाटलं आहे, ते लपवत नाही.

शामला

•

अमरावती
१२ मे १९७९

कृष्णकांत,

शामलेचं पत्र आलं. तिला वेगळं लिहिलं आहे. पाटी लाव असं मी लिहिलं होतं, तेव्हा माझी चूक मी तिच्याकडे कबूल केली. तुझी तू कर.

पाटी आजच उतरव. माफी मागायला कोणाच्याही घरी जाऊ नकोस. तू दारात उभा राहिलास की ते दुसरं हँडबिल होईल.

तू सगळ्यांना विचारत फिरतोस, पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं. आता गेलेलं गिऱ्हाईक परत कसं येईल, ते शोध. हिंगण्याला जाऊ नकोस, तिथल्या कोणाला याचं उत्तर माहीत नाही. गुपचूप बस, बघ, ऐक. आणि या वेळी काहीही करण्याआधी शामलेला विचार. ती नाही म्हणाली, तर नाही.

खोली मी परत घेणार नाही. ती तिची आहे, ती कुलूप लावून ठेवेना का.

मनगट दुखतं, म्हणून पत्र थोडक्यात.

यमुआत्या

•

महाल, नागपूर
९ जून १९७९

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाटी उतरवली. वहिनी बोलत नव्हती. ताट वाढायची, बस. दादा म्हणाला, "तू नोकरीलाच लाग बाबा, त्यात कमी लोकांचं नुकसान होतं."

मग तू सांगितलंस तसा बसून राहिलो. मागच्या बोळाच्या तोंडाशी पानाची टपरी आहे, तिथल्या बाकावर. मला दिसलं ते असं, की हँडबिलामुळे आता मागचा बोळही पुढचा झाला होता. चारुशीलाबाई दोनदा बोळापर्यंत आल्या. पहिल्यांदा शेजारची उत्तराकाकू गॅलरीतून ओरडली, "काय वं चारू, इकडे कुठे?" आणि त्या "काही नाही, अशीच," म्हणून परतल्या. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात मासिक होतं. उत्तराकाकूने तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मासिक बदलायले चालली." काकू आत गेली. मासिक बदलायला जाणाऱ्या बाईला पुढे काय विचारणार? पण महालात मासिकं मिळणारं वाचनालय त्या बोळाच्या दिशेला नाहीच. म्हणून आत न शिरता त्या वळसा घालून घरी गेल्या.

मी वहिनीकडे गेलो. म्हटलं, विचारायला आलो आहे, नको असेल तर नाही म्हण. पुढच्या खोलीत बायकांचं वाचनालय काढू. मासिकं, कादंबऱ्या. बाई पुढच्या दाराने ताठ मानेने येईल, पिशवीत पुस्तक घालून. जाताना पुस्तकाखाली काय आहे ते कोण बघतं?

वहिनी गव्हातले खडे वेचत होती, तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. टपरीवर बसलो होतो."

"पानं खाऊन राहिले होते म्हणजे." मग हसली. आत्या, पंधरा दिवसांनी हसली. पण अटी घातल्या. वाचनालय खरं असलं पाहिजे, नावापुरतं नाही. डबा आणायचा तर त्यावर नाव नको. आणि दुपारी खोलीत पुरुष नको. "म्हणजे तुम्ही पण नाही, भाऊजी."

तेव्हा ज्या खोलीसाठी तुला पहिलं पत्र लिहिलं, तिथे दुपारभर मला प्रवेश नाही. तिथे देवकीबाई बसतात. त्यांना वाचायला येतं आणि कोणाला कुठली कादंबरी आवडेल ते आता कोणाची तार बारीक, कोणाची जाड याइतकंच पाठ आहे. मी जुनी मासिकं गोळा करतो, पुठ्ठे घालतो, सायकलवरून गहू आणतो. मंडळाच्या मुलांनी घरोघरून पुस्तकं आणून दिली. मंडळाला जागा नाही. आम्ही टपरीवर भेटतो.

पहिले काही दिवस नुसत्याच पुस्तकांसाठी बायका आल्या. मला वाटलं, गेलं. मग एका दुपारी चारुशीलाबाई आल्या. कादंबरी निवडायला अर्धा तास लावला. निघताना पिशवीतून कोरा डबा काढून टेबलावर ठेवला आणि देवकीबाईंना म्हणाल्या, "तार बारीकच हवी हं." मी तेव्हा बाहेर सायकलची साखळी बसवत होतो. साखळी हातातून निसटली.

मला प्रत्येकाला विचारायची सवय होती ना, पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं म्हणून. आता मला कोणी विचारलं तर मी सांगणार नाही. सांगितलं की ते जाईल.

आभाळ भरून यायला लागलं आहे. गच्चीवरची शेवटची साडी काल उचलली. जयवंता म्हणते, यंदा उशिरा सुरू झालं, पण सुटलं नाही.

तुझं अक्षर फार वाकडं येतं आहे. मनगट डॉक्टरांना दाखव. यंदा कुरड्या घातल्यास का?

तुझा
कृष्णकांत

•

अमरावती
२ जुलै १९७९

चि. कृष्णकांतास अनेक आशीर्वाद.

निकाल वर्तमानपत्रात पाहिला. दुसरा वर्ग. हिंगण्याला आणि गच्चीवर अभ्यास करून यापेक्षा अधिक मिळत नाही. नोकरीचे अर्ज करणार नाहीस असं मधूने कळवलं. शामला तुला ठेवून घेणार असेल तर माझी हरकत नाही. पगार तिने ठरवावा.

वाचनालय खरं ठेवा हे तिचं म्हणणं योग्य आहे. फाटकी मासिकं देऊ नका. पुठ्ठ्याला खळ पातळ लाव, जाड लावली की कसर लागते.

मनगट डॉक्टरांना दाखवलं. सोऱ्या फिरवायला त्यांनी मनाई केली आहे, आणि ती कायमची आहे असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. पोळ्याला शाळेतल्या जुन्या शिक्षिका जेवायला येतात. दरवर्षी येतात, आणि दरवर्षी माझ्या कुरड्यांचं कौतुक करतात.

शाळेचे शिपाई रुपराव सोमवारी नागपूरला येत आहेत. त्यांच्याबरोबर एक पिशवी पाठवते. वरती माझ्याकडची जुनी मासिकं आहेत, ती वाचनालयाला. खाली एक डबा आहे. त्यावरचं नाव मी कानशीने खरवडून काढलं आहे, थोडे ओरखडे दिसतील. डबा शामलेच्या हातात दे. तार मध्यम, जिरं नको.

रुपरावांना मासिकांचंच काम आहे असं सांगितलं आहे.

यमुआत्या